आत्याचा वरचा सूर

नेट गेलं तेव्हा लेसिएलीचा अंगठा अजून फोनवरच होता. व्हिडिओ वर चढत होता, चकती गरगरत होती, आणि समुद्राखालची तार तुटायला नेमकी तीच वेळ सापडली. व्हिडिओ गेला की मध्येच अडकला, कळायला मार्ग नाही. सगळं वावाऊ बेट मेलेले फोन हातात धरून बसलं.

व्हिडिओ सेइनी आत्याचा होता. चर्चच्या गायनाच्या तालमीत आत्या वरचा सूर लावायची आणि तो हमखास भलतीकडेच जायचा. लेसिएलीने त्याला मध्येच कापून पुढे बकरीचं बें-बें जोडलं होतं. मैत्रीण लोसे हसून हसून लोळली होती. "टाक ग, हजारो लोक बघतील," ती म्हणाली, आणि हिने टाकला. अक्कल आली ती नंतर. आत्या म्हणजे आत्या. तिच्यापुढे बापसुद्धा आवाज चढवत नाही, लग्नात आणि मयतात पहिला मान तिचा.

आता गावात कुणालाच काही दिसत नव्हतं. पण निम्मं गाव ऑकलंडला, आणि तिथलं नेट ठणठणीत. तिथे आत्याची मुलं होती, सुना होत्या, तिथल्या चर्चची मंडळी होती. सगळे पोट धरून हसत असतील, आणि लेसिएलीला इथून तो पुसताही येत नव्हता.

तिचं कशातच लक्ष लागेना. टेकडीवर जाऊन फोन आभाळाकडे धरायची, परत यायची, पुन्हा जायची. नारळ खवताना बोट खवलं. आत्याशेजारी चटई विणायला बसली की पट्ट्या उलट्या पडायच्या. आत्या मात्र विणताना गुणगुणायची, अर्थात बेसूर.

"काय ग, डोकं कुठंय? फोन गेला म्हणून सुतक पाळतेस होय?"

"काही नाही, आत्या."

"आमच्या वेळी मुली पोरांसाठी झुरायच्या. तुम्ही तारेसाठी झुरता." वर जेवताना आपल्यासमोरचा मांसाचा मोठा तुकडा आत्याने तिलाच वाढला. तिने तो हळूच ताटाच्या कडेला सारला.

"नेट आलं की पुसून टाक," लोसेने आंबा चोखत सांगितलं. "कुणाला पत्ता लागणार नाही."

"ऑकलंडला लागला असेल तर?"

"मग तुझं नशीब." सल्ला देणारीचं काय जातं?

शनिवारी रेडिओवर सांगितलं, तार जोडून झाली, सोमवारी नेट येणार. गावात आनंदीआनंद. सोमवारी ऑकलंडहून कुणीतरी हसत हसत आत्याला सांगणार. त्यापेक्षा आपल्याच तोंडून कळलेलं बरं. संध्याकाळी ती आत्यापुढे मान खाली घालून बसली आणि फोन पुढे केला.

"तार तुटायच्या आधी मी हा टाकलाय. तिकडे सगळ्यांनी बघितला असेल. मला माफ करा."

आत्याने चष्मा लावला. एकदा बघितला. "पुन्हा लाव," म्हणाली. दुसऱ्या वेळी तिने फोन कानाशी धरला.

"माझा आवाज असा येतो?"

"नाही, आत्या. ती बकरी जोडलीय."

"बकरी कळते मला. तिच्या आधीचं विचारतेय."

लेसिएली चटईची सुटलेली पट्टी आत खोचू लागली.

"इतकी वर्षं गातेय, पण कुणी बोललं नाही," आत्या म्हणाली. ती ओरडली नाही, भावाला हाक मारली नाही. चष्मा काढला आणि अर्धी चटई गुंडाळून ठेवली. दोन मुस्काटात दिल्या असत्या तर लेसिएलीला परवडलं असतं.

रविवारी आत्या नेहमीच्या जागी उभी राहिली. गाणं उठलं, छप्पर दणाणलं, पण आत्याचे ओठ मिटलेलेच. शेजारणीने कोपराने ढोसलं, तर आत्याने घशाकडे बोट दाखवलं. लेसिएली मागच्या बाकावरून तो चुकीचा सूर शोधत राहिली. लहानपणापासून त्याच सुराने तिला आत्या कुठे उभी आहे ते कळायचं. तिला रडू आलं.

सोमवारी दुपारी घराघरात फोन किणकिणले. लेसिएलीने आपला उघडला. ऑकलंडहून बाळांचे फोटो आले होते, काळजीचे निरोप आले होते. बकरीबद्दल अवाक्षर नाही. मग खाली तो व्हिडिओ दिसला, राखाडी पडलेला, आणि त्याखाली विचारणा: गेला नाही, पुन्हा पाठवायचा का?

"सुटलीस की ग," लोसे म्हणाली.

लेसिएलीने तो पुसला आणि पळतच आत्याचं घर गाठलं. आत्या चटई विणत होती.

"आत्या, तो गेलाच नव्हता. कुण्णी बघितला नाही."

"मी ऐकला ना," आत्या म्हणाली.

लेसिएली शेजारी बसली. आत्याने पुढची पट्टी ओढली, मग तिच्या पुढची. बराच वेळ दोघी विणत होत्या, आणि आत्या एकदाही गुणगुणली नाही.