शनिवारचा हेलियम

मर्सेलिनाने ट्रेलॉनीच्या मळ्यात ऊस तोडला. तिची लेक अल्बर्था त्याच उसाच्या उकळत्या रसावरची मळी काढी. अल्बर्थाची लेक व्हर्निस तळहातावर रमचे दोन थेंब चोळून, नुसत्या वासावर पिंपाचा दर्जा ठरवी, आणि तिचा शब्द साहेबही खोडत नसे. व्हर्निसची लेक आयसिल्डा पिनॉक. तिच्या हाती रमचे घटक वेगळे करून मोजणारा गॅस क्रोमॅटोग्राफ आला, आणि एकतीस वर्षांत तिचाही शब्द कोणी खोडला नव्हता.

त्या रविवारी सकाळी भट्टीवाला झेफनाया जेंटल्स प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहिला. निवृत्तीपूर्वीची त्याची ही शेवटची भारी, म्हणजे दाट वासाची, रम. तिच्यात सुवासिक एस्टर पुरेसे भरले तर ती जर्मनीच्या जहाजावर चढणार, नाहीतर स्वस्त मिश्रणात ओतली जाणार.

"या खेपेलाही कमीच का, मिस आयसी?"

"आकडा कमी आहे, मास झेफ."

"नऊ वर्षांपूर्वीही कमीच होता." एवढे बोलून तो निघून गेला.

त्या वेळी त्या आकड्यामुळे त्याचे मुख्य भट्टीवाल्याचे पद गेले होते, तेही घंटा वाजवून, सगळ्या कामगारांदेखत.

आयसिल्डाने आलेख पुन्हा समोर ओढला. शिखरांखालची आधाररेषा सुरुवातीला सपाट होती. यंत्राचा ओव्हन तापू लागताच ती चढणीला लागली होती. भारी एस्टरची शेवटची तीन शिखरे त्या चढणीवर होती, आणि यंत्र त्यांना पायाकडून कापून कमी मोजत होते.

"तुमच्या आईने हात चोळून केव्हाच निकाल दिला असता," सहकारी नोव्हलेट म्हणाली.

"आईने आधी तुला केस बांधायला लावले असते. चकती बदल."

सुई जिथून आत जाते ती रबरी चकती बदलली, आतली काचेची नळीही बदलली. मग रम न घालता यंत्र नुसतेच चालवले. रेषा तशीच चढली.

"म्हणजे मास झेफची रम निर्दोष," नोव्हलेट म्हणाली.

"इतक्यात नाही. दोष यंत्रात आहे, एवढेच कळले."

घटक वेगळे करणारी बारीक वेटोळी नळी, म्हणजे कॉलम, सोडवून ते मोजणाऱ्या डिटेक्टरचे तोंड बुचाने बंद केले. रेषा सपाट झाली. दोष कॉलममध्येच होता. त्याच्या आतला लेप सुटत होता. कॉलममधून एरवी हेलियम वाहतो; आत हवा शिरून तापली की लेप खराब होतो, म्हणून प्रत्येक जोड तपासला. गळती कुठेच सापडली नाही.

नोव्हलेटने वर्षभराचे आलेख जमिनीवर पसरले. बुधवारचे सपाट, सोमवारचे जरा चढे, रविवारचे सर्वांत वाईट. मात्र रविवारी बहुधा हलकी रम तपासली जाई. तिला शेवटची शिखरे नसतातच, म्हणून ही चढण कोणाला खटकली नव्हती.

"शनिवारी इथे काय होतं?"

"काही होत नाही. आमच्या पंथात शनिवार विश्रांतीचा. मी चर्चमध्ये असते, हे तुला ठाऊक आहे."

"तुम्ही असता हो. पण हेलियमलाही विश्रांती देऊन जाता ना? शुक्रवारी नळ घट्ट बंद. मग कॉलममध्ये बाहेरची हवा शिरते, आणि रविवारी आपण तीच तापवतो. देवाने विश्रांती माणसाला सांगितली, मिस आयसी, सिलिंडरला नाही."

आयसिल्डाने भिंतीकडे पाहिले. सिलिंडर बोटीने यायला सहा आठवडे लागत, त्या जुन्या काळात हेलियम वाचवायला तिनेच तो नियम घातला होता. 'शुक्रवारी जाताना नळ बंद करावा' ही भिंतीवरची पाटीही तिच्याच हातची. तिने ती काढून टेबलावर पालथी ठेवली.

"कॉलमचा पुढचा अर्धा मीटर काप. हेलियम सोड, आणि हवा पूर्ण निघाल्याशिवाय ओव्हनला हात लावू नकोस."

सोमवारी दुपारी रेषा सपाट आली. झेफनायाची रम जहाजाच्या दर्जाला पुरून उरली.

नोव्हलेट हात धुऊन निघायच्या तयारीत होती. आयसिल्डा मात्र राखीव नमुन्यांच्या कपाटाकडे गेली आणि झेफनायाच्या रमची नऊ वर्षांपूर्वीची लाखबंद बाटली घेऊन आली. नोंदवहीत तपासणीचा वार पाहिला: रविवार. तो नमुना तिने दोनदा चालवला. दोन्ही वेळा आकडा भरला.

"साहेबांना गुपचूप चिठ्ठी द्या," नोव्हलेट हलकेच म्हणाली. "जुनी गोष्ट आहे."

"त्याला गुपचूप उतरवलं होतं का?"

साहेबांनी कागद दोनदा वाचला, कपाळाला आठ्या घातल्या आणि अखेर सही केली. मंगळवारी सकाळी भट्टीघरात घंटा वाजली. माणसे जमल्यावर आयसिल्डाने ताठ उभे राहून वाचले:

"झेफनाया जेंटल्स यांची नऊ वर्षांपूर्वीची रम पूर्ण दर्जाची होती. मापन चुकले, आणि ती चूक माझ्या नियमामुळे झाली. त्यांचे मुख्य भट्टीवाल्याचे पद त्या दिवसापासून अखंड धरले जाईल. निवृत्तिवेतनही त्याच पदाचे मिळेल."

झेफनाया पुढे आला.

"नऊ वर्षं मी माझ्या नाकाला दोष देत होतो, मिस आयसी."

"तो आता मला द्या."

"नको," तो म्हणाला. "तुमच्याकडं माझं काही येणं राहिलं नाही आता."