धाकट्या साडूंची यादी

थोरले आणि धाकटे सख्खे साडू. एकाच घरच्या दोन बहिणी दोघांना दिलेल्या, आणि नोकरीही नेमकी एकाच जातीची. थोरले या शहराच्या महापालिकेत गुंतवणूक कक्षाचे प्रमुख, तर धाकटे दोन तासांवरच्या बंदराच्या शहरात तशाच खुर्चीवर. परदेशी कंपन्यांना बोलवायचं, जागा दाखवायची, परवानग्यांच्या मागे लागायचं, हे दोघांचंही काम. फरक एवढाच, की कंपन्या धाकट्यांकडे जायच्या.

तीन वर्षांत चार गेल्या. प्रत्येक वेळी थोरल्यांना बातमी कळायची ती बायकोकडून.

"ऐकलंत का? त्यांच्याकडे आणखी एक कारखाना आला."

"बंदर आहे त्यांच्याकडे. दारात बंदर असलं की म्हैससुद्धा गुंतवणूक आणेल," थोरले म्हणायचे आणि ताट अर्धवट सोडून उठायचे.

"त्या म्हशीला ऑफिसनं मोटारही दिलीय. तुम्हाला कधी मिळणार हो?" बायको पाठीमागून विचारायची.

या वर्षी एक मोठी कंपनी आली. इंजेक्शनच्या काचेच्या बाटल्या बनवणारी. आठशे माणसांना काम मिळणार होतं, आणि शेवटच्या यादीत दोनच शहरं उरली होती: यांचं आणि त्यांचं. थोरल्यांनी दोन महिने घाम गाळला. रंगीत पुस्तिका छापली, नवा रस्ता, विमानतळ, कर-सवलत, सगळं त्यात घातलं. पाहुणे येणार त्या मार्गावरचे दुभाजकही रंगवून घेतले.

पाहुणे यायच्या आदल्या रविवारी दोघंही सासऱ्यांकडे जेवायला होते. जेवणानंतर ताटं विसळताना धाकटे सहज बोलून गेले, "साडूभाऊ, गेल्या महिन्यात आमच्या औद्योगिक वसाहतीत चार तास वीज नव्हती. दिवसभर फोनच करत होतो मी."

थोरल्यांनी नुसतं "अरेरे" म्हटलं. पण आत कुठेतरी थंड वारा सुटल्यासारखं वाटलं त्यांना. काचेची भट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षं विझवत नाहीत. वीज गेली तर आतली काच घट्ट होते आणि भट्टीच बाद. हे त्यांना ठाऊक होतं. ते वाक्य त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवावं तसं मनात ठेवलं.

मंगळवारी कंपनीचे तिघं आले. त्यांच्या प्रमुख बाई पिकल्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. पुस्तिका त्यांनी चाळली आणि बाजूला ठेवली.

"बांधकाम परवाना किती दिवसांत मिळतो?"

"एकवीस," थोरले पोपटासारखे बोलले. पुस्तिकेत तेच होतं.

"एकवीस दिवसांत झालेली एखादी फाईल दाखवता?"

थोरल्यांनी सहायकाकडे पाहिलं, सहायकानं छताकडे. "मागवून घेतो," थोरले म्हणाले. चहा आला, बिस्किटं आली, फाईल काही आली नाही. बाईंनी वहीत काहीतरी टिपलं. हातातून सगळं निसटतंय हे थोरल्यांना दिसत होतं. आता धाकट्यांचा फोन, बायकोचं "ऐकलंत का", सासऱ्यांचं कौतुक... त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला आणि जीभ सुटली.

"एक सांगू का? तिकडे जाताय तर जपून. त्यांच्या वसाहतीत गेल्या महिन्यात चार तास वीज नव्हती. तुमची भट्टी..."

बाईंनी शांतपणे पिशवीतून एक कागद काढून पुढे सरकवला. दोन वर्षांत वीज केव्हा गेली, किती मिनिटं, का, आणि त्यावर काय केलं, याची तारीखवार यादी होती. खाली धाकट्यांची सही. गेल्या महिन्यातले चार तास सगळ्यात वर, ठळक अक्षरांत.

"पहिल्याच भेटीत दिली त्यांनी," बाई म्हणाल्या. "तुमची अशी यादी आहे?"

नव्हती. पाहुणे गेल्यावर थोरल्यांनी वीज कार्यालयातल्या अभियंत्याला फोन लावला.

"आपल्या वसाहतीत? दोन वर्षांत तीनदा गेली," अभियंता म्हणाला. "सगळी मिळून चाळीस मिनिटं. का हो?"

थोरल्यांनी आकडा रंगीत पुस्तिकेच्या पाठीवर लिहून घेतला. चाळीस मिनिटं! ज्याच्या जोरावर बाजी मारता आली असती ते त्यांच्याच घरात पडून होतं, आणि ते दुसऱ्याच्या घरातला अंधार मोजत बसले होते.

पंधरा दिवसांनी कंपनी धाकट्यांकडे गेली. या वेळी फोन थेट थोरल्यांना आला.

"साडूभाऊ, त्या बाई म्हणत होत्या, आमच्या चार तासांची खबर त्यांना तुमच्या शहरातही मिळाली. मी ते फक्त सासऱ्यांच्या घरी बोललो होतो."

नाही म्हणता आलं असतं. "मीच सांगितलं," थोरले म्हणाले. "जळलो मी. चुकलंच माझं."

"राग आला मला," धाकटे म्हणाले. "अजून आहे. पण खरं सांगू? तुमच्याकडे वीज फारशी जात नाही, हे मला वर्षभरापासून माहीत होतं. मी कुणाला सांगितलं नाही. विचारलं असतं तरी बहुतेक सांगितलं नसतं."

दोघांनीही फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी थोरल्यांनी परवान्यांच्या दोन वर्षांच्या फायली बाहेर काढायला लावल्या. सहायकासोबत आठवडाभर एकेक तारीख लावली. सरासरी निघाली चौऱ्याहत्तर दिवस.

"साहेब, हे बाहेर सांगायचं?" सहायक घाबरला.

"सांगायचं. विजेच्या चाळीस मिनिटांशेजारी छापायचं. एकवीस खोडा."

कागद छापायला गेला, पण थोरल्यांना चैन पडेना. तासभर त्यांनी कळ काढली, मग धाकट्यांना फोन लावला.

"तुमच्याकडे परवान्याला किती दिवस लागतात? खरे."

"एकोणसत्तर."

पाच दिवस कमी! "बरं," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला, चपला पायात सरकवल्या, ढिगातली एक फाईल उचलली आणि दोन मजले उतरून बांधकाम विभागाच्या मुख्य लिपिकाच्या टेबलासमोर जाऊन बसले.

"ही फाईल तुमच्याकडे नऊ दिवस का पडून होती, ते आधी सांगा," ते म्हणाले.