त्रयीतलं तिसरं

रघुनाथरावांनी फोडलेलं पाकीट टेबलावरून पुढे सरकवलं. पाकिटावर नाव श्रीधरचं होतं, पत्ता शाळेचा.

"वाचा. मोठ्यानं."

"त्रयीतली पहिली दोन सुखरूप पोचली," श्रीधरनं वाचलं. "तिसरं लवकर पाठवा."

छप्पन सालचा ऑक्टोबर होता. एक नोव्हेंबरपासून नागपूर मुंबई राज्यात जाणार आणि शाळेचं हे मराठी गाव, सौंसर, मध्य प्रदेशातच राहणार, हे ठरून गेलं होतं. त्याविरुद्ध गावात पत्रकं निघत होती. त्यात हात असलेल्या मास्तरांची नावं कळवा, असं नागपूरच्या कचेरीनं हेडमास्तर रघुनाथरावांना लिहिलं होतं. नाव गेलं की नोकरी गेली.

"काय पाठवून राहिले तुम्ही नागपूरला?"

"कादंबऱ्या, सर. एकाच घराण्याच्या तीन. हे प्रकाशकाचं पत्र आहे."

"त्यात सौंसर आहे?"

"आहे."

"कोणत्या राज्यात?"

श्रीधर अडखळला. "तिसरी अजून लिहून राहिलो."

"वही आणून द्या."

मग संस्कृत शिकवणाऱ्या बापूजींना बोलावणं गेलं. त्रयी म्हणजे काय, हेडमास्तरांनी विचारलं.

"मुळात तीन वेद. ऋक्, यजुस्, साम," बापूजी म्हणाले. "पुढं कोणत्याही तिघांचा मेळ. पुस्तकांची त्रयी मात्र ग्रीकांकडून आली. त्यांच्या उत्सवात एकेक नाटककार तीन-तीन नाटकं लागोपाठ करायचा. त्यावरून ट्रिलॉजी. त्रि म्हणजे तीन, लोगोस म्हणजे बोल."

"लेखी द्या. आधारासकट."

बापूजींनी पानभर लिहून दिलं. चार दिवसांनी ते हेडमास्तरांकडून परत आलं, कडेला लाल शाईत शेरा: ग्रीसचं अपुरं. दुसरं पानही परत आलं. मधल्या सुट्टीत हेडमास्तरांच्या खोलीचं दार लोटलेलं असे. फटीतून श्रीधरला दिसे, ते त्याची वही वाचत बसलेले, हातात पेन्सिल. काय टिपून घेत असतील? शिक्षकांच्या खोलीत त्यानं बोलणं सोडलं. पाकीट आधी कोणाच्या हाती लागलं असेल, या विचारानं तो बापूजींकडेही तिरप्या नजरेनं पाहू लागला.

एकतीस तारखेला शाळा सुटताना त्याला बोलावणं आलं.

"रिपोर्ट तयार आहे," रघुनाथराव कागद घडी करत म्हणाले. "पण बापूजींचा आधार आजच पुरा झाला. आता टपालात टाकला तर उद्या पोचंल, अन् उद्यापासून नागपूर आपल्यावर नाही. नव्या राजधानीनं, भोपाळनं, अजून काही विचारलं नाही."

घडी खणात गेली. वही त्यांनी दोन्ही हातांनी परत दिली. पानांवर कुठंही पेन्सिलीची खूण नव्हती.

"मी एकदम तिसरीच सुरू केली ना," ते जरा संकोचून म्हणाले. "गंगूबाई भावाशी बोलत का नाही, ते काही समजलं नाही. दुसरीत असंल. नक्कल आहे का तुमच्याजवळ?"

नक्कल घरी होती.

"नाही," श्रीधर म्हणाला. "नागपूरलाच आहे."

रघुनाथरावांनी मान हलवली आणि खण लावून घेतला.