मध्यंतरातलं बोलणं

लेखनिकेने चार्जरची वायर हबमधून, लॅपटॉपला चार्जर आणि पडदा जोडणाऱ्या छोट्या डबीतून, उपसली, टोकावर फुंकर मारली आणि पुन्हा खोचली. लॅपटॉपच्या कोपऱ्यातला बॅटरीचा आकडा क्षणभर थबकला. अकरा होता, तो दहा झाला.

"पुढे बोला," अध्यक्षबाई म्हणाल्या.

वायरमन बोलू लागला आणि लेखनिकेची बोटं पुन्हा धावू लागली. तो बोलायचा ते दुसऱ्याच क्षणी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर उमटायचं, आणि पडद्यासमोर गुडघ्यांवर हात ठेवून बसलेले मेस्त्री ते वाचायचे. तीस वर्षं यंत्रांच्या धडधडाटात काढून मेस्त्रींचे दोन्ही कान गेले होते. चौकशीत आपल्याविरुद्ध कोण काय बोलतंय ते त्यांना कळावं, म्हणून कारखान्याने लेखनिकेला बाहेरून बोलावलं होतं. पडदा विझला की मेस्त्रींपुरती सगळी खोली मुकी.

प्रकरण तीन आठवड्यांपूर्वीचं. पॅकिंगमधल्या मावशींचा हात सरकत्या पट्ट्याखाली गेला. कुणीतरी भोंगा वाजवला. पट्टा थांबवायचं बटण मेस्त्रींच्या हाताशी होतं, पण त्यांना भोंगा ऐकू येणं शक्य नव्हतं. त्यासाठीच त्यांच्या टेबलावर लाल दिवा बसवलेला होता. भोंगा वाजला की तो लुकलुकायचा. त्या दिवशी पट्टा थांबला तोवर मावशींची दोन बोटं गेली होती.

"दिवा लागला होता?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"लागला होता."

"तुम्ही स्वतः पाहिलात?"

"हो."

तिने 'हो' लिहिलं. त्या एवढ्याशा शब्दाकडे मेस्त्री बराच वेळ बघत राहिले. मग ते बोलले. स्वतःचा आवाज ऐकू येत नसलेल्या माणसासारखे, गरजेपेक्षा मोठ्याने.

"मला नाही दिसला. दिसला असता तर..." आणि तिथेच थांबले. मावशींना दवाखान्यात बघून आल्यापासून मेस्त्रींचं प्रत्येक वाक्य असंच मधे तुटत होतं. नोकरीचं जे व्हायचं ते होईल, पण दिवा लागला होता असं ठरलं, तर त्या दोन बोटांचं पाप जन्मभर त्यांच्या माथी बसणार होतं.

आकडा आठवर आला. चार्जर कमी ताकदीचा आहे, असा इशारा कोपऱ्यात तिसऱ्यांदा झळकला. स्वतःचा मोठा चार्जर ती सकाळच्या घाईत घरीच विसरली होती. हा इथल्या कचेरीतून मिळालेला, मोबाईलचा. त्यातून येत होतं त्यापेक्षा जास्त खर्च होत होतं. तिने हात वर केला.

"थांबावं लागेल. पाच-दहा मिनिटांत लॅपटॉप बंद पडेल."

मॅनेजरांनी घड्याळ पाहिलं. "बंद पडू दे. आपण उरकून घेऊ. मेस्त्रींना नंतर सगळं लेखी देऊ."

"नंतर वाचून त्यांना मधे काही विचारता येणार नाही," ती म्हणाली. आवाज शांत ठेवायला तिला कष्ट पडले. "मी त्यासाठीच आलेय."

अध्यक्षबाई एकदा तिच्याकडे, एकदा मॅनेजरांकडे बघत राहिल्या. तेवढ्यात साक्षीदाराच्या खुर्चीतून वायरमन उठला आणि तिच्या टेबलाशी येऊन वाकला. त्याने चार्जरवरची बारीक अक्षरं डोळ्यांजवळ नेऊन वाचली.

"हा कसला पुरतोय, ताई. उंटाच्या तोंडात जिरं. आणि तेही हबमधून घेताय. हब आधी स्वतःचं पोट भरतो, उरलं तर लॅपटॉपला. माझ्या कपाटात पासष्ट वॅटचा आहे, आणतो."

धावत गेला आणि धापा टाकत परत आला. लॅपटॉपला एकच भोक. त्यात हब तरी राहील, नाहीतर चार्जर.

"थेट लावा, इतक्या कमी बॅटरीवर हबचा भरवसा नाही. झाकण मिटून ठेवा. अर्ध्या तासात चाळिशी गाठेल."

"आणि पडदा?"

"तेवढा वेळ पडदा नाही."

अध्यक्षबाईंनी अर्ध्या तासाची सुट्टी दिली आणि फोन कानाला लावत बाहेर गेल्या. लेखनिकेने शेवटचं वाक्य लिहिलं, 'अर्धा तास मध्यंतर. पडदा बंद होईल.' मेस्त्रींनी वाचून मान डोलावली. तिने हब उपसला. पडदा काळा झाला. मेस्त्री बाहेर गेले नाहीत. खिडकीशी जाऊन, खोलीकडे पाठ करून उभे राहिले.

वायरमन सॉकेटपाशी उकिडवा बसला आणि चार्जरला हाताची मागची बाजू लावून बघू लागला.

"तापतोय थोडा. पण चालेल."

"बरं झालं तुम्ही होतात, दादा."

तो वायरचा पीळ सोडवत राहिला.

ती आपली कागदावरची टिपणं चाळत बसली. अध्यक्षबाईंच्या टेबलावरच्या माईकचा आवाज ऐकायला लावलेले इअरफोन कानांत तसेच होते. त्यांची वायर हबला जोडलेली आणि हब टेबलावर नुसता पडलेला, त्यामुळे त्यांतून कसलाच आवाज येत नव्हता. पण बघणाऱ्याला हे कळण्याचं कारण नव्हतं. मॅनेजर आत आले, त्यांनी तिच्या कानांकडे एक नजर टाकली आणि वायरमनशेजारी जाऊन उभे राहिले.

"झालं तुझं. आता पुन्हा विचारलं तरी तेवढंच सांगायचं."

"साहेब, दिवा मी महिन्यापूर्वीच आतून बंद करून ठेवलाय. बिघडला होता. तुम्हीच म्हणालात, नवा येईपर्यंत राहू दे तसंच."

"हळू बोल."

"त्यांना कुठे ऐकू येतंय?" वायरमन खिडकीकडे बघत म्हणाला. हे त्याने अशा सुरात म्हटलं, की मॅनेजरांचीही नजर खिडकीकडे गेली.

"त्यांच्या नोकरीची दोनच वर्षं राहिलीत," शेवटी ते म्हणाले. "तुझी वीस आहेत. तूच बघ."

ते निघून गेले. मेस्त्री खिडकीच्या काचेवरचा एक डाग अंगठ्याने पुसत होते. चार पावलांवर.

लेखनिकेच्या हातातला कागद मघापासून उलटा होता. तिने तो सुलटा केला. हे काम तिला ज्या बाईंनी शिकवलं, त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं: ऐकू न येणारा माणूस खोलीत असेल, तर खोलीत जे जे ऐकू येईल ते सगळं लिहायचं. कान असलेल्याला जे आपसूक मिळतं, ते त्यालाही मिळालं पाहिजे. काय कामाचं आणि काय नाही, ते तू ठरवायचं नाहीस. तिने आजवर खोकले लिहिले होते, कुजबुज लिहिली होती, एकदा तर एका गृहस्थांच्या टकलावरचा विनोद त्यांच्याच समोर लिहिला होता. पण तेव्हा लॅपटॉप उघडा असायचा. मिटलेल्या झाकणाला तो नियम लागतो का, हे कुणी सांगितलं नव्हतं. आणि त्या झाकणाखाली जो आकडा वाढत होता, तो या माणसाच्या चार्जरवर. खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात ते हेच की काय, असं तिला वाटून गेलं. वायरमन अजून तिथेच बसून चार्जर चाचपत होता, आजाऱ्याच्या कपाळाला हात लावावा तसा.

अध्यक्षबाई परत आल्या. सगळे जागेवर बसले. तिने झाकण उघडलं. त्रेचाळीस. वायरमनचा चार्जर हबमध्ये, हब लॅपटॉपमध्ये. पडदा उजळला आणि मेस्त्रींनी खुर्ची जरा पुढे ओढली.

"कुणाला आणखी काही सांगायचंय?"

"नाही," मॅनेजर म्हणाले.

'नाही,' तिने लिहिलं. मग तिचे हात कळफलकावर नुसतेच टेकून राहिले. खोलीत कुणी बोलत नव्हतं. लिहिण्यासारखं काहीच नव्हतं. तरी बोटं हलली.

'(मध्यंतरात, याच खोलीत, मेस्त्री हजर असताना.) वायरमन: साहेब, दिवा मी महिन्यापूर्वीच आतून बंद करून ठेवलाय. बिघडला होता. तुम्हीच म्हणालात, नवा येईपर्यंत राहू दे तसंच.'

मॅनेजर ताडकन उठले. "हे काय चाललंय? हे कामकाजात नाही. पुसा ते."

'मॅनेजर: हे काय चाललंय? हे कामकाजात नाही. पुसा ते,' पडद्यावर उमटलं.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला. "हे तुम्ही स्वतः ऐकलंत?"

"ऐकलं." हेही तिला लिहावं लागत होतं, स्वतःचंच बोलणं. "माझ्या ऐकण्यात चूक झाली असेल, तर त्यांनी सांगावी. मी दुरुस्त करते."

सगळ्यांच्या माना वायरमनकडे वळल्या. तो पडद्याकडे बघत होता. दुसऱ्याला आलेलं पत्र वाचावं तसा, ओठ हलवत, त्याने स्वतःचं वाक्य सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचलं. मॅनेजर काही बोलायला गेले. अध्यक्षबाईंनी हाताने त्यांना थांबवलं.

"एक चूक आहे," वायरमन म्हणाला.

'एक चूक आहे,' लेखनिकेने लिहिलं.

"महिना नाही. दोन महिने झाले. मघाशी मीच कमी सांगितलं."

तिने मागे जाऊन 'महिन्यापूर्वीच' पुसलं आणि 'दोन महिन्यांपूर्वीच' लिहिलं. सही करावी लागेल, अध्यक्षबाई म्हणाल्या, तेही लिहिलं. वायरमनने मान हलवली. मान हलवलेली लिहायची की नाही, याचा विचार तिने केला आणि लिहिली.

मेस्त्रींनी सगळं वाचलं. मग ते उठले, खुर्ची उचलून तिचं तोंड फिरवलं आणि पडद्याकडे पाठ करून वायरमनच्या समोर बसले. वायरमन त्यांच्याकडे बघून काहीतरी बोलला, पण इतकं हळू, की दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या लेखनिकेलाही ते ऐकू आलं नाही. न ऐकलेलं लिहायचं नसतं. तिने हात उचलून मांडीवर ठेवले.

मेस्त्री त्याच्या ओठांकडे बघत होते. तो बोलायचा थांबला तरी थोडा वेळ बघत राहिले, आणि मग त्यांनी, अगदी किंचित, मान डोलावली.