हवेत ‘हाजिर’ म्हणायचं नाही

माझ्या वर्गाच्या भिंतीवर मेधत या माझ्या विद्यार्थ्याचा फोटो आहे. त्याचं अनावरण आमच्या हवाई तळाचे प्रमुख कर्नल सरवत यांनी केलं आणि तेव्हा त्यांनी डोळेही पुसले. मेधतच्या हातातला विमान वळवायचा दांडा अडखळायला लागला, तेव्हा मनोऱ्यातून रेडिओवर त्याला हुकूम देणारे हेच होते. ‘‘वेग कमी कर आणि लवकर ये.’’ मेधत म्हणाला, ‘‘हाजिर, फंदम.’’ जी, साहेब. त्याने वेग कमी केला. विमान एका पंखावर कलंडलं आणि धावपट्टीच्या अलीकडे बरसीमच्या शेतात कोसळलं. चौकशीत ठरलं, विद्यार्थ्याची चूक.

तेव्हापासून वर्गात माझा एक नियम आहे. हवेत ‘हाजिर’ म्हणायचं नाही. आपण काय करणार ते म्हणायचं. पोरं हसतात.

‘‘उस्ताज, आईनं पाणी मागितलं तरी आमच्या तोंडून हाजिरच निघतं.’’

‘‘आईला म्हणा. रेडिओवर नको.’’

मी काही मोठा शिक्षक नाही. कधीकाळी विमान उडवलं, ते जेमतेम. पुढे पुस्तकांतच रमलो. माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचत नाही. तेव्हा कुणाच्या डोक्यात काय शिरलं, हे मला खात्रीनं कधीच सांगता आलं नाही.

त्या गुरुवारी पालकांचा दिवस होता. खाली मांडवात चहाचे ग्लास फिरत होते. तांता शहरातून आलेली इहाबची आई चण्याची मिठाई दिसेल त्याला वाटत होती. इहाब एकटा वर होता. मनोऱ्यात त्याचे शिक्षक मेजर लुत्फी माइकपाशी, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर मी. काही बिघडलंच तर विचारायला.

‘‘उजवीकडे लोळतंय,’’ इहाबचा आवाज आला. ‘‘फ्लॅप टाकले. डावा उतरला, उजवा नाही.’’

फ्लॅप म्हणजे पंखांच्या मागच्या पट्ट्या. उतरताना त्या दोन्हीकडे सारख्याच खाली यायला हव्यात. एकच आली की तो पंख वर उचलला जातो आणि विमान दुसऱ्या कुशीवर वळायला बघतं.

‘‘परत वर घे,’’ लुत्फी म्हणाले.

‘‘घेतले. डावा वर येत नाही. दांडा पूर्ण डावीकडे दाबून धरलाय.’’

तेवढ्यात जिना धडधडला. कर्नल सरवत आले आणि लुत्फींच्या हातातून त्यांनी माइक काढून घेतला. लुत्फी उठून उभे राहिले. आमच्याकडे हीच रीत. वरचा आला की खालच्याने उठायचं, मग जागा सोडायची, मग डोकंही सोडून द्यायचं.

‘‘इहाब! पोरा, मी सरवत बोलतोय. फ्लॅप पूर्ण खाली टाक. झटका बसला की उजवा सुटेल. पाहुणे बघतायत. मर्दासारखा उतर.’’

‘‘हाजिर, फंदम.’’

पूर्ण खाली म्हणजे डावी पट्टी आणखी उतरणार, आणि दांडा तर आधीच टोकाला टेकलेला. लुत्फींना हे ठाऊक होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते काचेबाहेर बघत होते.

‘‘मेजर, सांगा ना त्याला,’’ मी म्हणालो.

‘‘उस्ताज, फंदम स्वतः बोलतायत...’’

‘‘काय कुजबुजताय?’’ सरवत म्हणाले. ‘‘युद्धात आम्ही अर्ध्या पंखावर उतरलोय. तेव्हा तुम्ही कुठल्या ग्रंथालयात होतात?’’

मी माइक ओढला. ओढताना त्यांच्या बोटांना माझं नख लागलं.

‘‘इहाब, मी वग्दी. फ्लॅपची कळ कुठे आहे?’’

रेडिओ खरखरला. ‘‘वरच आहे, उस्ताज. हात लावलेला नाही.’’

‘‘लावू नकोस. आता काय करणार ते तू सांग.’’

मागे सरवत ओरडत होते. ‘‘याला इथून बाहेर काढा! लुत्फी!’’ लुत्फी हलले नाहीत. त्या दिवशी त्यांनी केलेली मदत म्हणायची तर एवढीच.

‘‘उंचीवर जातो,’’ इहाब म्हणाला. त्याचा श्वास ऐकू येत होता. ‘‘चाकं काढतो. वेग हळूहळू कमी करून बघतो. दांडा पुरेनासा व्हायला लागला की थांबतो. त्या वेगाच्या खाली जमिनीला टेकेपर्यंत जायचं नाही.’’

‘‘आणि वळणं?’’

‘‘मोठी. घाई नाही.’’

तो वर गेला. सरवत पाठ फिरवून जिना उतरून गेले. खाली मांडवात कुणीतरी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, कसरत चाललीय.

इहाब लांबून, सपाट, नेहमीपेक्षा फार वेगात आला. विमान तिरकं होतं. एक चाक टेकलं, मग दुसरं. ब्रेकचा धूर निघाला, एक टायर फुटला, आणि धावपट्टीच्या टोकाच्या जाळीत नाक खुपसून ते उभं राहिलं. काचेचं झाकण उघडलं. हेल्मेट दिसलं. हललं.

आम्ही जीपने पोचेपर्यंत सरवतांनी इहाबला मिठी मारून मांडवातून धावत आलेल्या त्याच्या आईकडे तोंड वळवलं होतं. ‘‘बाई, रेडिओवर मी स्वतः होतो. तुमचं पोर मी खाली आणलं.’’ आईने त्यांचे हात धरले, डोळ्यांना लावले आणि त्या हातांत मिठाई ठेवली. त्यांनी ती खाल्ली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘‘उस्ताज, उद्यापासून मनोऱ्यात यायची तसदी घेऊ नका.’’

पण मी त्यांच्यावर नाही, इहाबवर भडकलो. त्याला विमानाच्या आडोशाला ओढलं.

‘‘हाजिर म्हणालास! नियम विसरलास? मेधतही हेच म्हणाला होता!’’

तो घामाने निथळत होता. डावीकडे दांडा रेटून रेटून त्याचा उजवा हात आखडला होता.

‘‘काय करू, उस्ताज? ते कर्नल आहेत. तोंड म्हणालं. हात नाही म्हणाला.’’

मग त्याला हसू आलं. मी हसलो नाही. मला तो हातच दिसत होता. या वेळी त्याने ऐकलं नव्हतं. पण इथे वर्षं काढली की हातही ऐकायला शिकतो. लुत्फींचा शिकलाच होता, आणि एके काळी तेही माझ्याच वर्गात, पहिल्या बाकावर बसायचे.

‘‘सोमवारी वर्गात ये,’’ मी म्हणालो. ‘‘पुन्हा पहिल्यापासून शिकवणार आहे.’’

‘‘हाजिर, उस्ताज.’’

मी त्याच्या हेल्मेटवर थप्पड मारली. जोरात.