अंबरीनचं वजन

दैवशालाबाईच्या अंगणवाडीत दोन वर्षांत एकही पोर लालमध्ये, म्हणजे अतिकुपोषितात, गेलं नव्हतं. जाईल कसं? मोबाइलात लाल रंग दिसला की वरून फोन, खुलासा, मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत पाणउतारा. मंग कोण कशाला डोक्याला ताप करून घेईल? काटा सात किलो दाखवायचा, बाई नऊ भरायची. सगळ्याच भरतात, मी काय एकटी हाय, असं मनाशी म्हणायची.

सलमाला वाचता येत नव्हतं, रंग तेवढा कळायचा. बाईच्या मोबाइलात हिरवा बघितला की दोन वर्षांच्या पोरीला, अंबरीनला, सासूपाशी ठेवून ती निर्धास्त कापसाच्या जिनिंगवर कामाला जायची.

मंग राज्यभरातली पोरं मोजणारी टीम आली. त्यांनी त्यांच्या यादीतली घरं काढली, त्यात सलमाचं निघालं. त्यांचा काटा त्यांच्यापाशी. सहा किलो नऊशे. दंडाचा घेर मोजायची पट्टी लावली, तीही लाल. घर दाखवायला दैवशाला संगं होती. सलमा चुलीपाशी पाठमोरी चहा टाकत होती, तिनं पट्टी बघितलीच न्हाई.

दैवशालानं मोजणाऱ्या पोरीला बाजूला घेतलं. "ताई, हिला जल्दी दवाखान्यात भरती करा ना."

"आम्ही फक्त मोजतो हो. नाव कुठं देत न्हाई. भरती तुमच्या नोंदीवरून होती."

तिच्या नोंदीवरून! त्याच दुपारी तिनं खरं वजन भरून पाहिलं. एकदम दोन किलो कमी कसं, म्हणून मोबाइल साहेबीणबाईंची मंजुरी मागू लागला. साहेबीणबाई म्हणजे तिच्यावरच्या सुपरवायझर गिरिजाबाई. त्या फोनवर खेकसल्या, "टीम जाऊ दे आधी. चार दिवसांनी बघू."

तिनं तसंच उठून सलमाला खरं सांगायचं होतं. टेंभुर्णीचा दवाखाना काय लांब होता? पण गल्लीभर बोभाटा होईल, नोकरी जाईल, या भ्यानं मेलीची जीभ रेटली न्हाई.

तिसऱ्या दिवशी अंबरीनला जुलाब लागले. चौथ्या दिवशी पोर गेलं.

दैवशाला गेली तेव्हा सासू बायांपुढं सलमालाच धारेवर धरत होती. "काम काम करीत फिरली. पोरीकडं बघितलंच न्हाई हिनं."

"बाई, तुम्ही सांगा ना यांना," सलमा रडत म्हणाली. "दर महिन्याला वजनाला आणत होते का न्हाई मी?"

"आणत होती," दैवशाला म्हणाली.

"मंग?" सासूनं विचारलं. "मंग तुम्हाला दिसलं न्हाई का?"

सगळ्या बाया तिच्याकडं बघू लागल्या. दैवशालानं पदर सावरला.

"आईनंच लक्ष द्यावं लागतं, अम्मा," ती म्हणाली.