सगळ्यांना चौतीस

लताबाईंनी खोबरेल तेलात बोट बुडवून लेकीच्या पाठीवर टेकवलं, तशी दिपमाला ताठ झाली. पाठीच्या मधोमध, हूक बसतो तिथली कातडी सोलून लालभडक झाली होती. दोन्ही खांद्यांवर पट्ट्यांचे वळ उमटले होते, बैलाच्या मानेवर जुवाचे उमटावेत तसे.

"हाई कवयपाईन शे?"

"दिवाळीपाईन."

"अन् तू सांगं नई?"

"काय सांगू? तू म्हनशी, पयनं सोडी दे."

लताबाईंचं बोट थांबलं. खोटं नव्हतं ते. तसंच म्हटलं असतं.

दिपमाला एकवीस वर्षांची. वर्षभरापासून पोलीस भरतीची तयारी करत होती. सोनगीरहून पहिल्या गाडीने धुळ्याला जायची, मैदानावर सराव करायची, मग वर्गात बसायची. गोळा चांगला फेकायची, शंभर मीटरला पहिल्या तिघींत असायची. अडत होतं ते आठशे मीटरला. दुसरी फेरी सुरू झाली की पावलागणिक छातीत असं काही ओढलं जायचं, की हात आपोआप अंगाशी आवळले जायचे. आवळलेल्या हातांनी कुणी वेगात पळत नाही. मग तिने एकावर एक दोन ब्रा घालून पाहिल्या. वरून ओढणी करकचून बांधून पाहिली. तेव्हा दुखणं थोडं कमी झालं, पण श्वासच पुरेना. सर म्हणाले, दमसास कमी पडतोय, दूध-अंडी खा. परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती आणि घड्याळ तीन मिनिटांच्या खाली यायला तयार नव्हतं.

घरात वेगळंच चाललं होतं. लताबाईंचे जेठ नवलआबा एकदा ओट्यावर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले होते, "पोर पयस अन् लोके दखतस. बंद करा हाई." लताबाईंचा नवरा चुडामण भावासमोर तोंड उघडत नसे. लताबाईंनीही चोवीस वर्षांत जेठासमोर डोक्यावरचा पदर पडू दिला नव्हता आणि उलट शब्द काढला नव्हता. त्या दिवशीही काढला नाही. फक्त दुसऱ्या दिवशी पहाटे चार वाजता लेकीला हलवून उठवलं आणि तिच्या बाटलीत ग्लुकोज घालून दिलं.

तेलाची वाटी बाजूला ठेवून त्यांनी दोरीवरची ब्रा हातात घेतली. ही त्यांनीच आणली होती, आठवडे बाजारातून. तिथला विक्रेता कागदात गुंडाळून द्यायचा आणि त्या ती पिशवीत मेथीच्या जुडीखाली सरकवायच्या. माप त्यांनी कधी विचारलं नव्हतं. शाळेचा गणवेश जसा वाढत्या अंगाचा घ्यायच्या, तशीच ही पण अंदाजाने मोठीच. त्यांनी आतली चिठ्ठी उजेडात धरली. छत्तीस. मग लेकीच्या उघड्या पाठीकडे पाहिलं, तिच्या बारीक बरगड्यांकडे.

"शनवारे धुळे जासूत," त्या म्हणाल्या.

आग्रा रोडवरच्या त्या दुकानात छतापर्यंत खोके रचलेले होते. मालक नवीनशेठ पन्नाशीचे, कपाळावर बारीक गंध. त्यांनी दिपमालाकडे एकदा पाहिलं, मान वळवली आणि खोका काढून काउंटरवर ठेवला.

"चौतीस."

"मोजलं कधी तुम्ही?" लताबाईंनी विचारलं.

"ताई, तीस वर्षं झाली या धंद्यात. गिऱ्हाईक पायरी चढलं की माप कळतं. आणि चौतीस सगळ्यांनाच चालतं."

"घालून बघता येईल का?" दिपमाला म्हणाली.

"ट्रायल नाही. आतला माल आहे. बदलूनही मिळणार नाही, तिथे पाटी लावलीय बघा."

लताबाईंनी पाटी वाचली. खोक्यावरचं चित्र पाहिलं. चित्रातली बाई हसत होती.

"भाऊ, चपलेच्या दुकानात चप्पल घालून दोन पावलं चालू देतात. का? तर चावायला नको म्हणून. ही तर दिवसभर अंगाला चिकटून राहते. ही चावली तर कुणाला दाखवायचं?"

दुकानात आणखी दोन बायका होत्या. एक रुमाल बघण्यात एकदम गुंग झाली. दुसरी तशीच पायरी उतरून गेली. नवीनशेठ आवाज खाली आणत म्हणाले,

"अहो ताई, बायका असलं विचारतच नाहीत कधी."

"आज विचारलं ना."

दुकानाच्या मागच्या बाजूला एक बाई गाऊनचा गठ्ठा सोडत बसली होती. बुरख्याचा पुढचा भाग मागे टाकलेला, गळ्यात मोजायची टेप. ती निलोफर. या दुकानाला घरून गाऊन शिवून द्यायची. ती तिथूनच म्हणाली,

"शेठ, मागे खोलीत जागा आहे. मी घेते माप."

"तू तुझे गाऊन बघ, निलोफर."

"पाच मिनिटांचं काम आहे."

"गाऊन शिवणाऱ्या पुष्कळ आहेत धुळ्यात," नवीनशेठ म्हणाले. ते खोके नीट लावण्यात गढले होते. आवाज साधाच होता, पण दुकानातल्या चौघींनाही त्याचा अर्थ कळला.

निलोफरने गठ्ठ्याची गाठ परत मारली. उठली.

"मग त्यांना सांगून ठेवा," ती म्हणाली. "ये गं पोरी."

मागची खोली म्हणजे खोक्यांमधला एक अरुंद बोळ होता. दार नव्हतं, म्हणून लताबाई पाठमोऱ्या उभ्या राहिल्या आणि दोन्ही हातांनी पदर पसरून त्यांनी वाट अडवली.

"टेप लावू?" निलोफरने आधी विचारलं. दिपमालाने मान हलवल्यावरच तिने हात पुढे केला. छातीच्या खाली, बरगड्यांवर टेप घट्ट धरली. एकोणतीस. मग सैल करून भरल्या जागेवरून फिरवली. पस्तीस.

"अंगात कोणती आहे?"

"छत्तीस."

"छत्तीसात तू अन् तुझी आई दोघी मावाल." निलोफर हसली नाही. तिने मागची पट्टी बोटाने ओढली, ती वीतभर लांब आली. "पळताना ही वर चढते ना मानेकडे?"

"हो."

"मग सगळं ओझं खांद्यांवर. खांदा काय खुंटी आहे, टांगायला? ओझं या खालच्या पट्ट्यानं उचललं पाहिजे. तो बरगडीला धरून बसला पाहिजे, मागून पुढून एका रेषेत. अन् वाटी बघ, लहान पडतेय. पट्टा मोठा अन् वाटी लहान. उलटं घातलंय सगळं आजपर्यंत."

"मीच आनी दीधी," पाठमोऱ्या लताबाई म्हणाल्या.

"तुम्हाला तरी कुणी सांगितलं, मावशी?" निलोफर म्हणाली. "मला दुसरं मूल झालं तेव्हा दूध गाठलं. ताप एकशे चार. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, हे आवळलेलं आधी काढून फेक. घरी आले, जुन्या सगळ्या उसवल्या अन् पुन्हा शिवत बसले. तेव्हा कळलं, कोणता तुकडा कशासाठी असतो."

दोन्ही मापांचा मनात हिशेब करून तिने बाहेर हाक दिली, "शेठ, बत्तीस. वाटी डी. पळायची, रुंद पट्ट्याची."

"असलं माप ठेवत नाही आपण. कुणी घेतच नाही."

"वरच्या फळीवर, निळा खोका. दोन वर्षांपासून तिथेच आहे."

मग शिडी सरकवल्याचा आवाज आला.

खोक्यात त्या मापाच्या तीन-चार तऱ्हेच्या निघाल्या. पहिली घातली तेव्हा पट्ट्याखाली बोटसुद्धा जाईना. "श्वास घे," निलोफर म्हणाली, आणि दिपमालाचा श्वास अर्ध्यात अडकला. काढली. दुसरी बरी वाटली, पण हात वर केल्याबरोबर पट्टा छातीवर सरकला. काढली. तिसरीचा सगळ्यात बाहेरचा हूक निलोफरने लावला. "नवी आहे तोवर इथेच लाव. धुऊन धुऊन ढिली होईल, तेव्हा आतले हूक कामाला येतील." मग दोन बोटं पट्ट्याखाली घालून पाहिली. गेली, तिसरं गेलं नाही. हात वर, पट्टा जागेवर. वाकून पायाचे अंगठे धरले, तरी काही बाहेर आलं नाही.

"आता पळ," निलोफर म्हणाली.

त्या बोळात वळायलाही जागा नव्हती. दिपमालाने वरून कमीज घातली आणि ती बाहेर आली. काउंटरपासून आरशापर्यंत बारा-पंधरा पावलांचं अंतर होतं. ती एकदा आईकडे पाहून पळाली. आरशाजवळ वळली, परत आली, पुन्हा गेली. कपाटाच्या काचा किणकिणल्या. रस्त्यावरचा एक फळवाला मान वाकवून आत बघू लागला.

"अहो, बाहेरून दिसतंय!" नवीनशेठ म्हणाले.

"दिसू द्या," लताबाई म्हणाल्या. "अख्ख्या जिल्ह्यासमोर पळायचंय तिला."

चौथ्या फेरीला दिपमालाचे हात अंगापासून सुटले. कोपरात वाकून ते मोकळे हलू लागले, पुढे-मागे, पुढे-मागे. ती थांबली. धापा टाकत तिने स्वतःच्या छातीवर हात ठेवला, तिथे काहीतरी हरवलं आहे आणि ते शोधतेय अशा चेहऱ्याने.

"माय," ती म्हणाली, "काहीच व्हत नई."

लताबाईंनी त्याच तऱ्हेच्या दोन घेतल्या. नवीनशेठ कागदात गुंडाळू लागले, तेव्हा त्या म्हणाल्या, कागद राहू द्या. निघताना त्या निलोफरजवळ थांबल्या. निलोफरने गाऊनच्या कापडाची एक पट्टी फाडली, तिच्यावर आपला फोन नंबर लिहिला आणि त्यांच्या हातात दिली.

त्या रविवारी दिपमालाने आठशे मीटर दोन मिनिटं चोपन्न सेकंदांत मारले. सरांनी घड्याळ दोनदा पाहिलं आणि दूध-अंडी लागू पडली म्हणाले. परीक्षाही पार पडली, यादी अजून लागायची आहे. निलोफरचे गाऊन घेणं नवीनशेठने खरंच बंद केलं. पहिला महिना तिला जड गेला. मग रुमाल बघत बसलेली ती बाई तिचं घर शोधत आली, आणि येताना बहिणीला घेऊन आली. आता निलोफर घरीच माप घेते. तिच्या खोलीला दार आहे.

एके संध्याकाळी लताबाई दादर ज्वारी निवडत बसल्या होत्या. दारात पुनम येऊन उभी राहिली. ही नवलआबांची मुलगी, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला.

"काकू."

"ये ना मायबाई. उभी का ऱ्हायनी?"

पुनम सुपासमोर बसली. दाण्यांतला एक खडा वेचला, बोटांत फिरवत राहिली. ती कॉलेजच्या संघात कबड्डी खेळायची. मागच्या वर्षी अचानक सोडली. गुडघा दुखतो म्हणाली. नवलआबांनी तिला दोन डॉक्टरांकडे नेलं, फोटो काढला, त्यात काही निघालं नाही. पोरीचे नखरे, असं घरात सगळे म्हणाले. लताबाईही म्हणाल्या होत्या.

"दिपाताई म्हने, धुळाले एक बाई शे. माप लेस."

"शे."

"मना गुडघा कधी दुखेच नई, काकू."

लताबाईंनी सूप बाजूला सारलं. पुनम खाली पाहत होती. दारातून येणारा उजेड कमी होत गेला, तरी दोघींपैकी कुणी दिवा लावायला उठलं नाही.

शनिवारी सकाळी नवलआबा नेहमीसारखे दाराच्या तोंडाशी खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत होते. पाय उंबऱ्यापलीकडे लांब केलेले. आत त्यांची बायको यशोदाबाई स्वयंपाकघरात होती, भांड्यांचा आवाज येत होता. लताबाई पुनमला घेऊन बाहेर आल्या आणि त्या पायांपाशी थांबल्या. सवयीने पदर कपाळावर ओढला गेला.

"आबा, पुनमले धुळे लई जास."

नवलआबांनी त्यांच्याकडे न बघता विचारलं, "कसाले?"

बांगड्या भरायला म्हणा, असं पुनमने रात्रीच सुचवलं होतं. लताबाईंनी ते ओठांवर आणूनही ठेवलं होतं.

"ब्रा लेवाले. मापनी."

वर्तमानपत्र हललं नाही. आतला भांड्यांचा आवाज बंद झाला.

"बाईमानूसनी असं बोलानं..."

"गुडघाना दोन डॉक्टर व्हयी ग्यात, आबा. आते हाई दखू." लताबाईंचा आवाज पदराआडून येत होता, पण कापत नव्हता. "मी इचारत नई शे. सांगी ऱ्हायनू."

नवलआबांनी कागद खाली केला. लताबाईंकडे नाही, त्यांनी मुलीकडे पाहिलं. पुनमने नजर वळवली नाही. मग त्यांनी हळूच पाय आखडून घेतले.

पुनम उंबरा ओलांडून गेली. तिच्यामागे लताबाईंनी पाय उचलला, तोच आतून आवाज आला.

"लता, थांब."

यशोदाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. पन्नाशी उलटलेल्या, अंगाने भारी, चालताना एका बाजूला कलणाऱ्या. त्या खांदा चोळत खाली वाकल्या आणि दाराआडच्या चपला त्यांनी पायात सरकवल्या.

"तू कथी चालनी?" नवलआबांनी विचारलं.

यशोदाबाई नवऱ्याच्या खुर्चीला वळसा घालून ओट्यावरून उतरल्या.

"गॅसवर दाय शे," त्या म्हणाल्या. "दखज्या."